आंबील ओढा सांगून येत नाही

पुण्यात पूर म्हटला की माणसं लकडी पुलावर जाऊन उभी राहतात. खडकवासल्यातून किती क्युसेक सोडलं, भिडे पूल बुडाला का, ओंकारेश्वरापाशी पाणी कुठवर आलं, ही चर्चा एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात मक्याचं कणीस धरून चालते. या हौसेला मी नावं ठेवत नाही, मीसुद्धा तिथे उभी राहिलेली आहे. मात्र २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री शहर आणि जिल्हा मिळून वीसहून अधिक माणसं गेली, तेव्हा लकडी पुलावर उभं राहून त्यातलं काही दिसलं नसतं. ती माणसं ओढ्या-नाल्यांनी आणि त्यांच्या काठच्या कोसळत्या भिंतींनी नेली. शहरात सगळ्यांत जास्त नाव झालं ते आंबील ओढ्याचं. दुसऱ्या दिवशी शेजारणीच्या मुंबईच्या भाच्यानं फोनवर विचारलं, “मावशी, हा ओढा नवीन आहे का?”

नवीन कसला! पुण्याइतका जुना आहे. फक्त मूळच्या जागेवर नाही.

मी नोकरीभर एका सरकारी कचेरीत अनुरेखक होते. जुने नकाशे घडीवर फाटू लागले की त्यांच्यावर ट्रेसिंगचं कापड पसरायचं आणि रेघ न् रेघ उतरवून घ्यायची, हे आमचं काम. शेताची हद्द, विहीर, देऊळ, पाऊलवाट आणि ओढा. ओढ्याला दोन रेघा आणि मध्ये पाणी वाहतं त्या दिशेचा बाण. सातबाऱ्यावर ओढ्याखालची जमीन ‘पोटखराब’ म्हणून लागते. पीक नाही, आकार नाही, म्हणून तिच्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही. शेत बिनशेती होऊन त्याचे प्लॉट पडले की मात्र याच पोटखराबावर सगळ्यांचा डोळा जातो. नव्या नकाशात त्या दोन रेघा एकमेकींच्या जवळ सरकलेल्या मी माझ्या हातानं उतरवल्या आहेत. अनुरेखकानं समोर असेल ते उतरवायचं असतं, कारण विचारायचं नसतं.

तर जुन्या पुण्याविषयी. कसब्याचं मूळ गाव दोन ओढ्यांच्या मधे वसलं होतं. पूर्वेला नागझरी, पश्चिमेला आंबील. नागझरी आजही सोमवार पेठेच्या अंगानं जाते, म्हणजे जे काही जातं त्याला आपण नागझरी म्हणतो. आंबील ओढा कात्रजच्या डोंगरातून निघून पर्वतीच्या पायथ्याशी यायचा आणि तिथून सरळ उत्तरेला, आज ज्या बाजूनं बाजीराव रस्ता जातो त्या बाजूनं गावाला खेटून मुठेला मिळायचा. गावाची वेस तिथेच संपायची. तांबडी जोगेश्वरी तेव्हा वेशीबाहेर होती. गाव लहान होतं तोवर हे ठीक चाललं. पावसाळ्यात ओढा भरला की पलीकडे जायचं नाही, उतरला की जायचं. मग पेशवे इथे राहायला आले, शनिवारवाडा उभा राहिला, सरदार आले, सावकार आले, आणि गाव पश्चिमेकडे पसरायला निघालं. मध्ये ओढा आडवा.

नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या आगेमागे पर्वतीच्या पायथ्याशी बांध घालून ओढ्याचं तोंड पश्चिमेला फिरवलं. आधी गावाच्या कडेनं मुठेला मिळणारा ओढा आता बराच वर, आजच्या दांडेकर पुलाकडून दत्तवाडीच्या अंगानं नदीला मिळू लागला. त्याच खटाटोपात पर्वतीचं तळं झालं. तळ्याचं काम रेंगाळलं म्हणून पेशवा स्वतः उतरून दगड उचलू लागला आणि ते पाहून सरदारही लाजेकाजेस्तव कामाला लागले, अशी गोष्ट आम्हाला शाळेत सांगत. गोष्ट खरी असो-नसो, मला ती आवडते. आजकाल कुणी पाहणीला आलं तर पायाखाली आधी सतरंजी अंथरतात. त्या तळ्यात मधे बेट, बेटावर गणपती. म्हणून ‘तळ्यातला गणपती’. तळं पुढे आटवलं आणि तिथे सारसबाग झाली. आज लोक भेळ खातात ती तळ्याच्या तळावर बसून.

ओढा हलला आणि मोकळ्या झालेल्या अंगाला पेठा वाढत गेल्या. सदाशिव पेठ वसली १७६९ मध्ये. म्हणजे ज्या पेठेच्या नावानं महाराष्ट्र आम्हाला हसतो, तिच्या वाढीला त्या वळवलेल्या ओढ्याचा हातभार आहे.

याच ओढ्यावर वर कात्रजला नानासाहेबांनी दोन तलाव बांधले. वरच्या तलावात गाळ बसायचा, खालच्यात निवळलेलं पाणी यायचं आणि तिथून जमिनीखालच्या दगडी नळातून ते शहरात यायचं. नळ म्हटलं तरी माणूस उभा चालत जाईल एवढा उंच. मधे मधे हवा बाहेर पडायला उच्छ्वास आणि शेवटी पेठापेठांतले हौद: काळा हौद, बदामी हौद, सदाशिव पेठेचा हौद. धरणाचं पाणी येण्याआधी शंभरावर वर्षं पुण्याची तहान भागवणाऱ्यांत ही कात्रजची सोय मोठी होती. या सोयीचं कौतुक पुष्कळांनी लिहिलं आहे. माझ्या डोक्यात दुसरीच गोष्ट घोळते. त्या तलावांनी ओढ्याला लगामही घातला होता. डोंगरावर पाऊस कोसळला की पाणी आधी तलावात थांबायचं, मग खाली उतरायचं. पण हा लगाम जून-जुलैत जितका आवळलेला असतो तितका सप्टेंबरात नसतो. तोवर तलाव काठोकाठ भरलेले असतात आणि परतीचा पाऊस येतो तो भरल्या तलावावर.

आता १९६१. पानशेतचं मातीचं धरण पुरतं बांधून झालेलं नसताना त्या पावसाळ्यात पाणी अडवलं गेलं. धरण खचू लागलं तेव्हा लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली. १२ जुलैला सकाळी धरण फुटलं, ते पाणी खडकवासल्यात आलं आणि दुपारी खडकवासलाही फुटलं. आम्ही तेव्हा शनिवार पेठेत, ओंकारेश्वरापासून हाकेच्या अंतरावर राहत होतो. मी शाळकरी होते. आमच्या घरापर्यंत बातमी पोचली ती सायकलवरून ओरडत गेलेल्या पोरांकडून. आजीचा विश्वास बसेना. धरण म्हणजे काय मडकं आहे का, असं ती म्हणाली. आईनं मात्र देवघरातले टाक, दागिन्यांचा डबा आणि धाकट्या भावाला उचललं आणि आम्ही भिकारदास मारुतीकडे मामाच्या बिऱ्हाडी चालत गेलो. पाणी दुपारी आलं. आमच्या घराच्या मातीच्या भिंती त्यानं विरघळवल्या. पण आम्ही सगळे होतो, कारण उजेड होता आणि आमच्या वाट्याला काही तास आले होते. त्या रात्रभर रचलेल्या पोत्यांनी फुटणं सकाळवर ढकललं नसतं तर हे लिहायला मी नसते, असं वडील मरेपर्यंत म्हणत.

नंतरचे दिवस पाण्याशिवाय गेले. धरण फुटल्यावर नळाला पाणी कुठून येणार? लोक विहिरींवर आणि जुन्या हौदांवर बादल्या घेऊन उभे राहिले. हे सगळं पुष्कळदा सांगून झालं आहे. पेठांमधल्या काही भिंतींवर पुराच्या पाण्याच्या खुणाही आहेत, त्या दाखवायला आम्ही पाहुण्यांना नेतो.

त्या पुरानं पुणं विसकटलं आणि बाहेर फेकलं. नदीकाठची बिऱ्हाडं गोखलेनगर, लोकमान्यनगर, दत्तवाडी, पर्वतीचा पायथा, सहकारनगर अशी पांगली. कुणाला निस्सेन हट मिळाली, पत्र्याची अर्धगोल, उन्हाळ्यात भट्टी. कुणाला प्लॉट. आमच्या वाट्याला पर्वतीच्या मागच्या अंगाला जागा आली. आजी एवढंच म्हणाली, “चला, नदीपासून सुटलो.” खरंच सुटलो होतो. मागच्या बाजूला, कुंपणापलीकडे, आंबील ओढा होता.

तो तेव्हा कुणाच्या डोळ्यांत भरण्यासारखा नव्हता. करंज, निरगुडी, घाणेरीच्या झुडपांतून पाण्याची एक धार. बायका धुणं धुवायच्या, पोरं खेकडे धरायची. पावसाळ्यात एखाद्या संध्याकाळी तांबडं पाणी यायचं, दोन तास गडगडायचं आणि निघून जायचं. कात्रजच्या बाजूनं दूध घालायला येणारे एक गवळीबुवा होते. म्हशी ओढ्यात बसवायचे. पाण्याची त्यांना जी जाण होती ती मला पुढे कुठल्याच नकाशात सापडली नाही. डोंगरावर काळं दाटलं आणि गार वारा सुटला की इथे ऊन असलं तरी ते म्हशी काढायचे. पाण्यावर पाचोळा आणि काटक्या वाहत येऊ लागल्या की धुणं टाकून वर या, असं बायकांना ओरडून सांगायचे; काटक्या पुढे येतात, पाणी मागून येतं. पाण्याचा रंग बदलला की थांबायचं नाही. दगडांचा घरंगळण्याचा आवाज आला की पलीकडच्या काठाचा विचार सोडून द्यायचा आणि आहोत त्याच काठावर वर चढायचं. ओढ्याच्या कडेकडेनं पळायचं नाही, काटकोनात चढाकडे जायचं. आणि रात्री दाटून आलं असेल तर जनावरांची दावी सोडून ठेवायची. “सोडलेलं जनावर जागा शोधतं, बाईसाहेब. बांधलेलं मरतं.”

गवळीबुवा शाळेत गेलेले नव्हते, पण त्यांच्या म्हणण्यामागचं गणित साधं आहे. कात्रजच्या डोंगरापासून मुठेपर्यंत ओढ्याची वाट दहा-बारा किलोमीटरची आणि उताराची. नदीचं पाणी धरणात मोजलं जातं, सोडताना सांगितलं जातं, पात्रात पसरत येतं. तिच्यासाठी पाटबंधारे खात्यानं निळी रेषा आणि लाल रेषा आखली आहे: पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. ओढ्यावर दरवाजे नाहीत, म्हणून सोडल्याची बातमीही नाही. डोंगरावर कोसळलेला पाऊस तासा-दीड तासात तुमच्या जिन्यापाशी येतो. तुमच्या घरावर तेवढा पाऊस पडलेला असतोच असं नाही. आणि जिथे माती होती तिथे काँक्रीट झालं की मधे मुरणारं पाणीही मुरत नाही, तेही मुकाट्यानं वरच्या पाण्याबरोबर चालू लागतं.

मधल्या वर्षांत झालं ते एवढंच. कात्रज, बालाजीनगर, पद्मावती, अरण्येश्वर असं करत शहर ओढ्याच्या उगमाकडे चढत गेलं. टेकड्यांचे लचके तुटले. ओढ्यावर मोऱ्या बांधल्या, मोऱ्यांवर रस्ते आले, काठाला भिंती आल्या. भिंतीला टेकून पार्किंग, पार्किंगला टेकून घरं. ज्यांना दुसरीकडे जागा परवडत नव्हती तेही काठावर आले आणि ज्यांना परवडत होती तेही आले. फरक इतकाच की पहिल्यांना अतिक्रमण म्हणतात.

सप्टेंबर २०१८ मध्ये एक रंगीत तालीम झाली म्हणायची. त्या महिन्याच्या २७ तारखेला पर्वतीच्या पायथ्यानं जाणारा मुठा उजवा कालवा जनता वसाहतीजवळ फुटला आणि पाणी दांडेकर पुलाच्या वस्तीत शिरलं. दिवसाढवळ्या घडलं म्हणून निभावलं, पण संसार वाहून गेले. त्या वेळी मंत्रिमहोदयांनी उंदीर, घुशी आणि खेकड्यांकडे बोट दाखवलं. खेकड्यांची बाजू मांडायला कुणी पुढे आलं नाही.

पुढच्या वर्षीचा २५ सप्टेंबर बुधवार होता. पानशेतचा दिवसही बुधवारच होता. मी वारांवर विश्वास ठेवणारी नाही, केवळ नोंद करते. पितृपंधरवडा चालू होता. रात्री पावसानं जोर धरला, विजा चमकत होत्या. आमच्या इमारतीतले बहुतेक लोक दूरदर्शनसमोर होते. दहा-साडेदहाच्या सुमारास मागच्या बाजूनं आवाज आला, दगड घरंगळण्याचा. कितीतरी वर्षांनी तो आवाज ऐकला आणि कसला आहे हे मला लगेच कळलं. मी खिडकीतून पाहिलं तर ओढ्याची भिंत दिसत होती आणि भिंतीच्या वर पाणी होतं.

पुढच्या पाऊण तासात काय काय झालं ते मी क्रमानं सांगू शकणार नाही. अरण्येश्वरच्या टांगेवाले कॉलनीत भिंत कोसळली आणि माणसं गेली, हे सकाळी कळलं. आमच्याकडे पाणी तळमजल्यात शिरलं, तेही पुढून नाही तर मागून, मोरीतून आणि संडासातून आधी. दिवे गेले. तेव्हा मी जिन्यात उभी राहून पाहत होते आणि माझ्या समोरून शिकलेली, शहाणी माणसं एकामागून एक खाली उतरत होती. कशाला? गाडी काढायला. स्कूटर, मोटारसायकल, नवी मोटार. “काकू, दोन मिनिटांत वर लावून येतो.” मी ओरडले, नाव घेऊन ओरडले, वयाचा मान बाजूला ठेवून एकाचा शर्ट धरला. वाहतं पाणी अर्धा फूट असलं तरी माणसाचा पाय सुटतो, फूटभर पाण्यात लहान मोटार तरंगू लागते आणि दोन फुटांत बहुतेक गाड्या पाणी म्हणेल तिकडे जातात. हे आकडे मला नंतर कळले. त्या रात्री मला फक्त गवळीबुवांची दावी आठवत होती. इथे गोठ्यातल्या म्हशी नव्हत्या, माणसंच आपापल्या गाडीला बांधलेली होती.

आमच्या इमारतीतलं कुणी गेलं नाही. गाड्या सगळ्या गेल्या. सकाळी त्या मोरीच्या तोंडाशी एकीवर एक चढून बसल्या होत्या आणि त्यांच्या मागे झाडं, गाद्या, गॅसची सिलिंडरं. पाणी इतकं का चढलं हे त्या ढिगाकडे पाहून कळत होतं. आधी मोरी तुंबते, मग पाणी वाट शोधत घरात येतं, मग भिंतीमागे साचतं आणि शेवटी भिंत सुटते. ओढ्याकाठच्या भिंतीला टेकून उभं राहू नये आणि अशा रात्री तिच्याकडेच्या खोलीत झोपू नये, हे या ओळीतच कुठेतरी सांगून टाकते.

१९६१ मध्ये आम्ही घर सोडून निघालो आणि वाचलो. याच आठवणीमुळे २०१९ मध्ये आमच्यातले म्हातारे लोक ‘चला, बाहेर पडा’ म्हणत होते. नदीच्या पुरात ते बरोबर होतं. हातात तास होते आणि वाट कोरडी होती. ओढ्याच्या पुरात, रात्री, दिवे नसताना रस्त्यावर उतरणं म्हणजे पाण्याच्या वाटेत जाऊन उभं राहणं. आधीच ओसरी भिजायच्या आत निघता आलं तर निघावं, नाही तर जिना चढावा. पक्क्या इमारतीत दुसरा मजला हा मामाच्या बिऱ्हाडापेक्षा जवळ असतो. पुण्याच्या पुराची सगळी तोंडी परंपरा पानशेतची आहे. ओढ्याची परंपरा गवळीबुवांबरोबर गेली. आम्ही पाहुण्यांना नदीच्या पुराच्या खुणा दाखवतो, पण २०१९ च्या पाण्याची खूण आमच्या जिन्यात कुणी राहू दिली नाही. दिवाळीच्या आत रंग दिला. घर विकायचं झालं तर गिऱ्हाईक बिचकेल, असं कारण.

नंतर काठानं नव्या भिंती झाल्या, मोऱ्या रुंद करायच्या म्हणून कामं निघाली, पत्रकं निघाली. २४ जून २०२१ ला भर पावसाळ्याच्या तोंडावर दांडेकर पुलाजवळच्या आंबील ओढा वसाहतीतली घरं पाडायला यंत्रं आली. बायका आडव्या पडल्या आणि न्यायालयानं त्याच दिवशी थांबवलं. ओढा मोकळा व्हायला हवा, हे मला कोण सांगणार? पण मोकळा करायला सुरुवात नेहमी त्याच टोकापासून का होते, हे मला ट्रेसिंगच्या टेबलावर बसूनही कधी समजलं नव्हतं आणि आताही समजत नाही.

आमच्या सोसायटीत २०१९ च्या त्या पुरानंतर एकच ठराव झाला आणि तोही माझ्या भांडणामुळे. त्या रात्री तळमजल्याची दोन कुटुंबं वर आली तेव्हा गच्चीला कुलूप होतं आणि किल्ली सेक्रेटरींकडे होती. सेक्रेटरी गाडी काढायला खाली गेले होते. आता जूनपासून ऑक्टोबर संपेपर्यंत गच्चीला कुलूप लावायचं नाही, कडी फक्त आतून. तळमजल्याच्या बिऱ्हाडांनी औषधं, कागदपत्रं आणि टॉर्च असलेली पिशवी वरच्या कुणाकडे तरी ठेवायची. विजेचं मुख्य बटण कुठे आहे हे रखवालदाराच्या बायकोलाही माहीत असायला हवं, कारण रखवालदार रात्री दुसरीकडे काम करतो. ठराव एकमतानं मंजूर झाला. तेव्हापासून दर वर्षी जुलैत कुणीतरी अर्ज देतं की उघड्या गच्चीवर कबुतरं घाण करतात आणि मुलं सिगारेटी ओढतात, सबब कुलूप लावावं. मी तो अर्ज दर वर्षी फाडते. सेक्रेटरींना हे माहीत आहे. हल्ली ते अर्ज माझ्याकडेच पाठवून देतात.